पारड्याखालचे कुंकू

मित्रांनो, मला पाहून तुम्ही थांबणार नाही, हे मला ठाऊक आहे. एका लाकडी पेटीवर उभा असलेला वीतभर पितळी खांब, त्यावर आडवी दांडी, दांडीच्या दोन्ही टोकांच्या आकड्यांत अडकवलेली दोन लहानशी पारडी आणि मधोमध एक बारीक काटा. एवढाच मी. एक जुना तराजू. धान्याचा नव्हे, भाजीचा तर नव्हेच. माझ्या पारड्यात कांद्याचे सुकलेले साल ठेवले तरी मी झुकतो.

स्वतःविषयी बोलायची मला सवय नाही. आयुष्यभर मी दुसऱ्याचे वजन सांगत आलो. आपले सांगायला गेलो तर कुठे जास्त होईल, कुठे कमी पडेल, अशी धास्ती वाटते. तरी सांगतो. चुकले तर पुन्हा तोलून घ्या.

माझा जन्म साताऱ्याचा. एका वृद्ध कारागिराने एका सोनारासाठी मला घडवले. दांडीच्या पोटाखाली त्याने पोलादाची एक धार बसवली आणि ती धार गुळगुळीत दगडावर टेकवली. त्या धारेवर माझा सारा जीव आहे. मला घडवून झाल्यावर त्याने माझ्या एका पारड्यात आपल्या डोक्याचा एक पांढरा केस ठेवला. मी झुकलो. म्हातारा हसला. ते हसू म्हणजे माझ्या आयुष्यातले पहिले कौतुक.

पण सोनाराने मला आठ दिवसांत परत केले. तो म्हणाला, "काटा खरा आहे, पण फार वेळ थरथरतो. गिऱ्हाईक समोर ताटकळतं आणि हा आपला नाचत बसतो."

मित्रांनो, हे खरे होते. मी थरथरतो. कोणी पारड्यात काही ठेवले की मला लगेच खात्री वाटत नाही. मी इकडे जातो, तिकडे जातो, पुन्हा इकडे येतो. पण एकदा का थांबलो, की मग माझ्या बोलण्यात फरक नसतो. दुर्दैवाने, थांबेपर्यंत थांबणारी माणसे थोडी.

त्या थोड्यांपैकी एक मला भेटला. त्याचे नाव जोतीराम. तो फौजेच्या शस्त्रागारात बंदुका दुरुस्त करून काही वर्षांपूर्वी गावी परतला होता. कारागिराच्या दुकानात त्याने माझ्या पारड्यात आपली अंगठी ठेवली आणि मांडी घालून बसला. मी थरथरू लागलो. तो माझ्या काट्याकडे बघत राहिला. मी स्थिर झालो तेव्हा म्हणाला, "झालं तुझं? आता सांग."

त्या दिवसापासून मी जोतीरामचा झालो.

त्या काळी परवाना काढून शिकारीला जाता येत असे. डोंगरपट्ट्यात शहाजीराव नावाचे एक जमीनदार राहत होते. त्यांच्याकडे विलायती रायफल होती. पण बाहेरची काडतुसे मिळेनाशी झाली होती. म्हणून रिकाम्या पितळी पुंगळ्यांत पुन्हा दारू आणि गोळी भरून जोतीराम त्यांना काडतुसे करून देई. सुरुवातीला तो दारू मापाच्या पळीने भरत असे. पळी कधी दाबून भरे, कधी सैल. एका हिवाळ्यात शहाजीरावांनी सांबरावर गोळी झाडली. ती खाली लागली. सांबर जखमी होऊन रानात गेले. शहाजीराव घरी जाऊन जेवले. जोतीराम मात्र रक्ताचा माग काढत हिंडला. ओढ्यात त्याला ते जनावर सापडले तेव्हा त्याचा जीव अजून गेलेला नव्हता. जोतीरामने काय पाहिले ते त्याने कोणाला सांगितले नाही. पण त्यानंतरच तो साताऱ्याला आला होता आणि मला घेऊन गेला होता.

पुढे आम्ही दोघांनी जे काम केले, त्याचा मला आजही अभिमान आहे. जोतीराम आधी दारे-खिडक्या लावून घेई. मग दारू कणाकणाने पारड्यात सोडी. मी सांगेन तेव्हाच थांबे. काही पुंगळ्या तो एका वजनाने भरी, काही दुसऱ्या, काही तिसऱ्या. प्रत्येक प्रकाराची खूण वेगळी. मग बांधाला पुठ्ठा लावून तो सगळ्या प्रकारची काडतुसे झाडून बघे. एका वजनाच्या गोळ्या पुठ्ठ्यावर पसरत, दुसऱ्या वजनाच्या त्याहून कमी पसरत, आणि एक वजन असे निघे की त्याच्या गोळ्या एकमेकींना चिकटून बसत. जोतीराम पुठ्ठ्यावरून बोट फिरवी. "ह्ये रायफलीला मानवतंय," तो म्हणे. मग सगळी काडतुसे त्याच वजनाची. त्यात कणाचाही फरक मी खपवून घेत नसे.

त्याच्या पुढच्या हंगामात शहाजीरावांनी एकच गोळी झाडली आणि सांबर उभ्या जागी खाली बसले. लोकांनी शहाजीरावांच्या नेमाचे गोडवे गायले. मी पेटीत होतो. मला कोणी पाहिलेही नाही. मित्रांनो, जनावर मेले याचा अभिमान मी सांगत नाही. ते तडफडले नाही, एवढाच माझा वाटा.

मग शिकारीवर कायद्याने बंदी आली. "बरं झालं," जोतीराम म्हणाला. शहाजीरावांनी रायफल सरकारजमा केली. जोतीरामने मला पुसले, पारडी वेगळी करून कागदात गुंडाळली आणि मला एका ट्रंकेत ठेवले. वर बाळाबाईचे शालू आले, त्यावर गोधड्या आल्या. बाळाबाई म्हणजे जोतीरामची बायको. तिला मी आवडतही नव्हतो आणि नावडतही नव्हतो. दिवाळीच्या साफसफाईत ती मला उचलून विचारी, "ह्येचं काय करायचं?" आणि उत्तर येण्याआधीच परत ठेवून देई. ट्रंकेत मी किती वर्षे होतो ते मोजले नाही. अंधारात मोजायला काही नसते.

पुन्हा उजेड दिसला तो नव्या मुंबईत. जोतीरामचा मुलगा रणजीत वाशीच्या बाजारात तोलार झाला होता. कांद्या-बटाट्याच्या गोण्या मोठ्या काट्यावर तोलायच्या, हे त्याचे काम. त्याने खांदेश्वरला सिडकोच्या इमारतीत दोन खोल्यांचे घर घेतले आणि आई-वडिलांना तिथे आणले. आमची ट्रंक कांद्याच्या ट्रकमधून आली. त्यानंतर बरेच दिवस मला कांद्याचा वास येत होता.

रणजीतची मुलगी मंजुषा कॉलेजात होती. एनसीसीत तिने पहिल्यांदा बंदूक धरली आणि मग तिला तिचा नादच लागला. बेलापूरकडे एका शाळेच्या लांबट हॉलमध्ये नेमबाजीचा क्लब चाले. तिथे एअर रायफलने दहा मीटरवरचे कागदी लक्ष्य टिपायचे असते. दारू नाही, धूर नाही. हवेच्या दाबाने शिशाचा एक चिमुकला छर्रा जातो, एवढेच. क्लबकडे चांगली रायफल एकच होती, परदेशी. क्लबचे प्रशिक्षक मानसिंग सर ती सर्वांत चांगले नेम मारणाऱ्याला सरावासाठी देत. त्या वर्षी ती मंजुषाकडे होती. ती रायफल तिच्या कपाटात आली तेव्हा मंजुषाने कपाटातले आपले कपडे बाळाबाईच्या ट्रंकेत हलवले. तेव्हाच मी तिच्या हाताला लागलो.

"आबा, हे काय आहे?"

जोतीरामच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते. त्याने मला हातांनी ओळखले. खांबावरून बोटे फिरवली आणि धारेला अंगठा लावला. मग म्हणाला, "तुझं छर्रं सगळं एका वजनाचं असत्यात का गं?"

"एका डब्यातले आहेत ना. म्हणजे सेमच असणार."

"असणार म्हंजे? तोललंस?"

मंजुषाने त्याच दिवशी तोलले. जोतीराम शेजारी बसून सांगत होता. एक छर्रा निवडून डाव्या पारड्यात ठेवायचा, तो नमुन्याचा. बाकीचे एकेक करून उजव्या पारड्यात. जो नमुन्याशी बरोबर जुळेल तो लाल झाकणाच्या डबीत, म्हणजे स्पर्धेसाठी. जड किंवा हलका निघेल तो रोजच्या सरावाला. नमुन्याचा छर्रा शेवटी काडेपेटीत कापसावर झोपवून ठेवायचा.

मी इतक्या वर्षांनी उभा राहिलो होतो. आपल्याला अजून जमते का, याची मलाच शंका होती. पहिला छर्रा पडला आणि मी थरथरू लागलो. मंजुषा चुळबुळली.

"थांब जरा," जोतीराम म्हणाला. "त्येला इचार करू दे."

मी थांबलो. जमत होते, मित्रांनो. अजून जमत होते.

त्यानंतर घरात एक नवा नियम आला. मी कामाला लागलो की पंखा बंद. वाऱ्याने माझी पारडी हलतात ना. बाळाबाई घामाघूम होई आणि पदराने वारा घेऊ लागे. मंजुषा ओरडे, "आजी, पदर!"

"आता शिंकायची बी चोरी झाली ह्या घरात," बाळाबाई म्हणे. "ह्यो तराजू हाय का सासरा?"

रणजीत बाजारातून येई, शर्ट काढून दारात बसे आणि हसे. "माझ्या काट्यावर हे सगळं घर चढवलं तरी फरक नाही पडत. आणि ह्याच्यावर डास बसला तरी ह्याला चक्कर!" पण तोही पंखा लावत नसे.

मंजुषाच्या कार्डावरची भोके जवळ येऊ लागली. मानसिंग सरांनी विचारले तेव्हा तिने माझे नाव सांगितले. म्हणजे माझे नाव नव्हे, मला नाव नाही. "आमच्या आबांचा तराजू आहे," असे म्हणाली. घरी येऊन तिने ते सगळ्यांना सांगितले आणि मी पेटीवर जरा ताठ उभा राहिलो.

पुढे खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची आणि अवजारांची पूजा करतात, हे तुम्हांला माहीत असेल. आमच्या घराण्यात ती कधी चुकली नाही. मंजुषा सकाळीच कॉलेजला गेली होती. जाताना बजावून गेली, "आजी, रायफलच्या नळीला हात लावू नकोस हां. कुंकू आत गेलं तर वाट लागेल. बाहेरून फूल ठेव फक्त."

बाळाबाईने पाट मांडला. विळी ठेवली, कोयता ठेवला, गोण्या ओढायचा रणजीतचा आकडा ठेवला, शिलाईयंत्राची कात्री ठेवली. रायफलच्या पेटीवर झेंडूचे फूल वाहिले. मग तिने माझ्याकडे पाहिले.

मित्रांनो, शहाजीरावांच्या घरी खंडेनवमीला रायफलीची पूजा होई, तलवारीची होई. मी पेटीत असे. माझ्यापुढे कोणी कधी उदबत्तीही ओवाळली नव्हती.

"तू बी ये बाबा," बाळाबाई म्हणाली. "पोरीचं सगळं तुझ्यावर चाललंय."

तिने मला पाटावर ठेवले. कुंकू पाण्यात कालवले. लावणार कुठे? पारड्याच्या वर लावले तर छर्ऱ्याला लागेल आणि नात रागावेल. म्हणून तिने उजवे पारडे हलकेच उचलले आणि त्याच्या खालच्या बाजूला, कोणाला दिसणार नाही अशा जागी, ओल्या बोटाने हळद आणि कुंकू लावले. चांगले भरघोस लावले. प्रेमाने लावले. नमस्कार केला. मी त्या दिवशी जितक्या अभिमानाने उभा होतो तितक्या अभिमानाने कधीच उभा नव्हतो.

कुंकू वाळले. पारड्याच्या पोटाला त्याची खपली धरली. आणि मी उजवीकडे झुकलो. किंचित. पण झुकलो.

दोन दिवसांनी मंजुषाने छर्ऱ्यांचा नवा डबा उघडला. पुढच्या रविवारी चाचणी होती. चाचणीत जी पहिली येईल ती राज्य स्पर्धेला जाणार आणि रायफल तिच्याकडे राहणार. दुसरी आली तर रायफल पूर्वीला द्यायची. पूर्वी ही खाडीकाठच्या गावातली मुलगी, मंजुषाची मैत्रीण, आणि नेम तिचाही उत्तम. मंजुषाला घाई होती. एरवी ती काम सुरू करण्याआधी माझी रिकामी पारडी बघत असे, काटा मधोमध आहे ना याची खात्री करी. आबांनी तसे शिकवले होते. त्या दिवशी तिने पाहिले नाही. नमुन्याचा छर्रा डावीकडे ठेवला आणि सुरू झाली.

उजव्या पारड्याखाली कुंकवाचे वजन होते. म्हणून जो छर्रा नमुन्यापेक्षा हलका तोच मला बरोबर वाटत होता, आणि जो खरा बरोबरीचा तो जड. मी जे होते ते सांगत होतो. पारड्यात शिसे होते आणि पारड्याखाली कुंकू होते. मी दोन्ही तोलत होतो. पण कोणी विचारल्याशिवाय मला बोलता येत नाही. त्या हलक्या छर्ऱ्यांची भर लाल झाकणाच्या डबीत पडली, आधीच्या खऱ्या छर्ऱ्यांवर. मंजुषाने झाकण लावून डबी हलवली. चाचणीपर्यंत सरावही याच डबीतून करायचा, असे तिने ठरवले होते.

मग वाईट दिवस सुरू झाले.

मंजुषा क्लबमधून घरी येई ती गप्प. जेवताना गप्प. एकदा भाकरी मोडता मोडता ती आपल्या हाताकडेच बघत राहिली.

"काय झालं गं?" रणजीतने विचारले.

"सर म्हणाले माझं लक्ष नाहीये. नाहीये म्हणजे काय, पप्पा? सगळं तेच करतेय मी. श्वास तोच, ट्रिगर तोच. काही छर्रे मधे जातात आणि काही असेच खाली. माझा हातच गेलाय बहुतेक."

"टेन्शन घेतेयस."

"मग काय करू? रायफल परत करू?"

रणजीतने माझ्याकडे पाहिले. "बाजारात एक सोनार येतो ओळखीचा. त्याच्याकडे बॅटरीवरचा काटा आहे. आकडे दिसतात सरळ, थरथर नाही, काही नाही. मागून आणू का? हे जुनं झालं आता."

जोतीराम जेवत होता. त्याचा घास थांबला. मला वाटले, आता तो माझी बाजू घेईल. पण तो खालच्या आवाजात म्हणाला, "आण. माझंच कायतरी चुकलं असंल शिकवताना. डोळं गेलं, आता डोकं बी गेलं."

मला ट्रंकेचा वास आठवला.

शनिवारी दुपारी मंजुषा सरावाहून आली. दुसऱ्या दिवशी सकाळी चाचणी होती. तिने पिशवी भिरकावली आणि एक कार्ड जोतीरामच्या मांडीवर टाकले. "बघा आबा, हा माझा नेम."

ती रागाने बोलली होती. त्याला दिसत नाही हे ती विसरली होती. लक्षात आल्यावर तिने जीभ चावली. पण जोतीरामने कार्ड उचलले होते. त्याने पुठ्ठ्यावर फिरवायचा तसा अंगठा कार्डावरून फिरवला. एकदा. दोनदा. मग तो अंगठा एका जागी थांबला, खाली सरकला आणि पुन्हा थांबला.

"किती बंदुकांनी मारलंस ह्ये?"

"एकाच. माझ्याच."

"मग छर्रं दोन जातीचं हायेत."

"एकाच जातीचे आहेत आबा. तोललेले आहेत सगळे."

"मंजे, इकडं ये. बोट लाव. हात हलला असता तर भोकं कुटं बी गेली असती. हितं बघ, वर एक घोळका. आन् हितं खाली दुसरा. मधी मोकळं. ह्यो हाताचा दोष न्हाय. काडतुसात दारू दोन वजनाची पडली की पुठ्ठ्यावर असंच दिसायचं. शंभरदा बघितलंय म्या." तो उठून उभा राहिला होता. "तराजू आण. पंखा बंद कर."

मला टेबलावर ठेवले. पारडी रिकामी होती. मंजुषा वाकून बघू लागली. "आबा, उजवीकडे आहे काटा. थोडासाच."

"बघा, म्हटलं नव्हतं?" दारात बसलेला रणजीत म्हणाला. "बिघडलाय तो."

मित्रांनो, त्या क्षणी माझे काय झाले ते सांगता येणार नाही. मी खरा आहे की खोटा, हे मलाच कळेना. इतकी वर्षे ट्रंकेत होतो. धार बोथट झाली असेल. दांडी वाकली असेल. तराजूला स्वतःला तोलता येत नाही.

"बिघडलाय का न्हाय ते त्योच सांगंल," जोतीराम म्हणाला. "पारडी काढ. उजवं डावीकडं लाव, डावं उजवीकडं. आन् थांब."

मंजुषाने पारड्यांची अदलाबदल केली. मी थरथरलो. इतका की रणजीतसुद्धा उठून जवळ आला. कोणी श्वास घेत नव्हते. मी इकडे गेलो, तिकडे गेलो आणि थांबलो.

"आता डावीकडे गेला काटा," मंजुषा म्हणाली.

जोतीराम मोठ्याने हसला. "मग दांडी साफ हाय! धार साफ हाय! दोष असता तर काटा तिथंच ऱ्हायला असता. पारड्याबरुबर गेला म्हंजे पारड्यालाच कायतरी चिकटलंय. बघ उलटं करून."

मंजुषाने पारडे उलटे केले. खाली लालभडक कुंकू होते.

सगळ्यांच्या माना स्वयंपाकघराच्या दाराकडे वळल्या. बाळाबाई हातात लाटणे घेऊन उभी होती.

"म्या लावलं," ती म्हणाली. "नळीला नको म्हणलीस म्हणून हितं लावलं. दिसणार न्हाय असं." तिने लाटणे खाली ठेवले. "म्हंजे पोरीच्या नेमाला म्या आडवी गेले व्हय?"

"अगं, पण किती लावलंस!" जोतीराम म्हणाला. "शहाजीरावांच्या घोड्याला बी एवढं लावत नव्हते."

"मग तुमी उठायचं व्हतं पूजेला! पेपर कानाशी धरून बातम्या ऐकत बसला व्हता रेडिओच्या!" बाळाबाई डोळे पुसत कडाडली.

"पेपर का रेडिओ, एक काय ते ठरव."

मंजुषा हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. "आजी, जाऊ दे ना. माझीपण चूक आहे, मी रिकामा काटा बघितलाच नाही. आण ते फडकं, पुसून टाकते आणि सगळे छर्रे परत तोलते."

"पुसायचं न्हाय!" बाळाबाई अशी ओरडली की रणजीत दचकला. "सवाष्णीच्या हातानं लावलेलं कुंकू पुसत्यात का कदी? येडी का काय तू? उद्या कामाला जायचंय आन् आज कुंकू पुसती?"

"आई, ते पारडं आहे," रणजीत म्हणाला.

"असंल पारडं. पूजा केलीया म्या त्येची."

आता प्रश्न उभा राहिला. दुपार उतरत होती. डबीतले सगळे छर्रे पुन्हा तोलायचे होते. कुंकू काढल्याशिवाय मला तोलता येत नव्हते, आणि बाळाबाई फडक्याला हात लावू देत नव्हती. मंजुषाने आबांकडे पाहिले. जोतीरामने मान दुसरीकडे वळवली. बंदुकीच्या बाबतीत त्याला सगळे कळत होते, पण इथे त्याचे काही चालत नव्हते.

बाळाबाई जरा वेळ माझ्याकडे बघत उभी राहिली. मग स्वतःशीच म्हणाली, "उत्तरपूजा करायचीच ऱ्हायली ह्येची. दुसऱ्या दिवशी पाट उचलला, पन ह्येला सांगितलंच न्हाय की पूजा संपली म्हणून."

तिने हात धुतले. ताटलीत तांदळाचे चार दाणे आणि वाटीभर पाणी आणले. माझ्यावर अक्षता वाहिल्या. "झाली रं बाबा पूजा. आता कामाला लाग," ती म्हणाली. मग पारडे वाटीत धरून तिने अंगठ्याने हळूहळू धुतले. पाणी लाल झाले. एकदा धुतले, दुसऱ्या पाण्याने धुतले. पदराने टिपले, पुसले नाही. ते लाल पाणी तिने खिडकीच्या जाळीतल्या तुळशीला घातले.

मला माझे पारडे परत मिळाले. मंजुषाने रिकामा काटा पाहिला. मी थरथरलो आणि बरोबर मध्यावर येऊन उभा राहिलो.

ऑक्टोबरची दुपार होती. पंखा बंद होता. खिडक्या बंद होत्या. मंजुषाने लाल झाकणाची डबी रिकामी केली आणि काडेपेटीतला नमुन्याचा छर्रा डाव्या पारड्यात ठेवला. मग एकेक करून सगळे छर्रे तिने माझ्याकडून पुन्हा ऐकले. रणजीतच्या पाठीवरून घाम ओघळत होता, तरी त्याने हातातले वर्तमानपत्र हलवले नाही. बाळाबाईने पदर कमरेला घट्ट खोचला होता आणि भिंतीला टेकून ती पुतळ्यासारखी बसली होती. जोतीराम डोळे मिटून बसला होता. छर्रा पारड्यात पडल्याचा आवाज ऐकायचा, मी थांबेपर्यंत थांबायचा, आणि मंजुषा "बरोबर" म्हणाली की मान हलवायचा. मित्रांनो, मोठमोठ्या शिकारींच्या वेळी मी काम केले आहे. पण चार माणसे श्वास रोखून माझ्याभोवती बसली आहेत, असे पूर्वी कधी घडले नव्हते.

रविवारी मंजुषा गेली. मी पेटीवरच होतो, मला आत ठेवायचे कोणाला सुचले नाही. बाळाबाई कणीक मळता मळता दोनदा दाराशी जाऊन आली. जोतीरामने रेडिओ लावला आणि बंद केला.

दुपारी जिन्यात चपला वाजल्या. मंजुषा आत आली. तिच्या खांद्यावर रायफलची पेटी होती.

रायफल घरी परत आली म्हणजे पोर पहिली आली, हे ओळखून बाळाबाईने हात जोडले. जोतीरामला पेटी दिसत नव्हती. "काय झालं? कुणी बोला की!" तो म्हणाला.

मंजुषाने त्याच्या हातात एक कार्ड दिले. "चाचणीची कार्डं सरांकडे जमा झाली, आबा. त्यात एका कार्डावर एकच छर्रा मारायचा असतो, तुम्हांला कळलं नसतं. म्हणून सगळं संपल्यावर सरांकडून हे जास्तीचं कार्ड मागून घेतलं. सगळे ह्याच्यावरच मारलेत. तुमच्यासाठी. बोट लावा."

जोतीरामने अंगठा फिरवला. मधोमध आला. थांबला. पुन्हा बाहेरून फिरवत आणला. पुन्हा तिथेच थांबला.

"एकच भोक हाय."

"हो."

"बाकीचं कुटं गेलं?"

"त्यातूनच गेले, आबा."

त्याने हात लांब केला, चाचपडत माझा खांब शोधला आणि त्यावर हात ठेवला. तसाच ठेवला. मग रणजीतने तोंड फिरवले आणि म्हणाला, "सोनाराला सांगतो, राहू दे तो बॅटरीवाला काटा."

मंजुषा राज्य स्पर्धेला गेली. तिथे तिला पदक मिळाले नाही, पण तिच्याहून थोडेच जण पुढे होते, आणि रायफल आमच्याच कपाटात राहिली. जोतीरामच्या एका डोळ्याचे ऑपरेशन झाले. पट्टी सुटल्यावर त्याने मला उजेडात धरून पाहिले. "म्हातारा झालास की," तो म्हणाला. मी त्याच्याविषयी तेच म्हणणार होतो.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी वस्तू तुमच्या घरातही असेल. तिला नुसते काचेच्या कपाटात ठेवू नका आणि नुसती भंगारातही देऊ नका. तिला काम द्या. काम द्यायच्या आधी तिची धूळ झटका. ती काही निराळे सांगू लागली तर तिला लगेच खोटी ठरवू नका; तिच्या पारड्याला काही चिकटले आहे का ते आधी बघा. माणसांच्या बाबतीतही असेच करावे असे मला वाटते. पण मी तराजू आहे. माणसांविषयी मी जास्त बोलू नये.

एवढे मात्र सांगतो. पुढच्या वर्षी पुन्हा खंडेनवमी आली. पाट मांडला गेला. विळी, कोयता, आकडा, रायफलची पेटी आणि मी. बाळाबाईने कुंकू कालवले. ओले बोट घेऊन ती माझ्यासमोर बसली, पण तिने मला हात लावला नाही. पारड्याकडे पाहिले. दांडीकडे पाहिले. काट्याकडे पाहिले.

"मंजे," तिने हाक मारली, "ह्येचं कपाळ कुटं असतंय गं?"

मंजुषा येऊन बसली. तिने जरा विचार केला आणि माझ्या लाकडी पेटीवर, जिथे खांब रोवला आहे तिथे, बोट ठेवले. "इथे लाव, आजी. इथे कितीही लाव."

बाळाबाईने भरघोस लावले. ते अजून तिथे आहे. आणि काटा मधोमध आहे.